पाणी मुरल्यामुळे

दुपारचा भोंगा वाजला की गावातली माणसं हातातलं काम टाकून जवळचं काहीतरी धरत. दुकानदार काचेच्या बरण्या धरत, घरोघरी कुणी ना कुणी फळीवरचे डबे धरे, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे आपापला चहाचा कप उचलून हवेत धरून बसत. मग खाणीत सुरुंग उडे. जमिनीच्या पोटातून गुरगुर येई, खिडक्यांची तावदानं थरथरत, आणि कप पुन्हा टेबलावर टेकत. बाहेरून बदलून आलेल्या माणसाला हे बघून हसू आवरायचं नाही. महिना-दोन महिन्यांत तोही मुकाट्याने कप उचलायला लागे.

धाकटीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती याच गावात वाढली होती. गाव तिला धाकट्या बाई म्हणे, कारण मोठ्या बाई म्हणजे तिची ताई. ताई सरकारी शाळेची मुख्याध्यापिका होती, तर धाकटी गावच्या एकुलत्या एका पेपरात गावाचं पान सांभाळायची. पन्नाशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. ताई आणि भावजी खालच्या मजल्यावर राहत, ती वरच्या. जेवण खाली, झोप वर. भावजी खाणीच्या वजनकाट्यावर होते. त्यांचा उजवा कान खाणीच्या आवाजाने गेला होता आणि डावा ताईच्या, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

खाणीवाचून गावाचं पान हलत नसे, आणि शाळेचं तर नाहीच नाही. खाणीतून जेवढा कोळसा निघेल त्यातला ठरलेला वाटा शिक्षण खात्याकडे जाई आणि तिथून शाळांकडे. कोळसा जास्त तर खडू जास्त, असा सरळ हिशेब. एका वर्षी खाणीत पाणी भरलं आणि काम बंद पडलं, तेव्हा चित्रकलेचे आणि गाण्याचे असे दोन्ही शिक्षक गेले. खाण सुरू झाली, ते काही परत आले नाहीत. शिवाय बाकांवर, पाण्याच्या पिंपांवर, मुलांच्या दप्तरांवर कंपनीचं चिन्ह असायचं, ते वेगळंच.

पेपराचंही तेच. शेवटचं पान रोज कंपनीच्या जाहिरातीचं. "शेवटचं पान त्यांचं, बाकीची आपली," असं संपादक म्हणत. ते खोटंही नव्हतं. बाकीच्या पानांवर काय छापायचं हे कंपनीने कधी सांगितलं नव्हतं. तशी वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

तर त्या शनिवारी कप हवेत असतानाच सगळ्यांना कळलं की आजचा सुरुंग नेहमीचा नाही. धाकटीच्या मनगटावर चहा सांडला. कपाटावरची जुन्या अंकांची चळत घसरून खाली आली. "आज काय डोंगरच उडवला की काय!" संपादक म्हणाले. ते हसत होते तोवर फोन वाजला. शाळेसमोरचा औषधवाला बोलत होता. त्याचा आवाज इतका चढला होता की फोन न घेताही सगळ्यांना ऐकू आलं. शाळेचं सभागृह बसलं होतं.

धाकटी धावतच गेली. शाळेच्या आवारात धूळ अजून खाली बसायची होती. सभागृहाच्या भिंती उभ्या होत्या, पण वर छत नव्हतं. मधली तुळई मोडून दोन्ही बाजूंनी खाली झुकली होती आणि तिच्यावरचे पत्रे पत्त्यांसारखे एकमेकांवर पडले होते. भिंतीवरचा जगाचा नकाशा जागच्या जागी होता. त्याच्यामागे एक भेग होती. ताईने वर्षानुवर्षं ती नकाशाने झाकली होती, आणि भेग वाढली तसा मोठा नकाशा आणला होता.

मुलं नव्हती. शनिवारची शाळा लवकर सुटली होती, गाण्याचा सराव करणारा वर्गही नुकताच घरी गेला होता. आत फक्त शाळेचे शिपाई होते. त्यांना सगळे घंटीमामा म्हणत, कारण शाळेची घंटा त्यांच्याशिवाय कुणी वाजवलेली कुणाला आठवत नव्हती. ते खुर्च्या एकावर एक रचत होते. त्या खुर्च्यांच्या चळतींनीच पत्रे तोलून धरले आणि त्यांचा जीव वाचला. पण डावा पाय तुळईखाली सापडला होता. आजूबाजूची माणसं तुळई उचलत होती. मामांचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा झाला होता आणि ते एकच विचारत होते, "पोरं गेली ना सगळी, मोठ्या बाई?"

"गेली, मामा. सगळी गेली," जवळ बसलेली ताई म्हणाली.

"मी घंटा दिली होती."

"दिली होती. बोलू नका आता."

गावात रुग्णवाहिका एकच, तीही कंपनीची. तिच्यातून कंपनीचे जनसंपर्क अधिकारी उतरले. हा माणूस कधी चिडलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून गावाने त्यांचं नाव हसरे साहेब ठेवलं होतं. त्या दिवशी ते हसत नव्हते. त्यांनी कोट काढून कुंपणावर टाकला आणि स्ट्रेचरचं एक टोक स्वतः धरलं. खोटं कशाला बोलायचं, त्या माणसाने अंगाला माती लावून घेतली.

रुग्णवाहिका गेल्यावर ताई धाकटीजवळ आली. तिच्या केसांत चुन्याचे कण होते. तिने धाकटीचा दंड इतका जोरात धरला की तिथे नंतर काळंनिळं पडलं.

"लिही," ती म्हणाली. "सुरुंगाने पडलं असं लिही. किती वर्षं मी वरती कळवतेय, भेग वाढतेय, भेग वाढतेय. आज लिहीच."

"लिहिते," धाकटी म्हणाली.

आणि तिने लिहिलं. कचेरीत येऊन, हात न धुता. बातमी काही फार मोठी नव्हती. पहिलंच वाक्य असं होतं: 'खाणीतील सुरुंगाच्या जोरदार हादऱ्याने येथील सरकारी शाळेच्या सभागृहाचे छत शनिवारी कोसळले.' हे वाक्य टाइप करताना तिची बोटं अडखळली नाहीत. इतक्या वर्षांत 'हादरा' हा शब्द गावाच्या पानावर कधी आला नव्हता, हे तिला ते लिहून झाल्यावर जाणवलं.

संपादकांनी कागद वाचला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि परत वाचला.

"छापू," ते म्हणाले.

धाकटीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"छापू म्हणालो. अख्ख्या गावाने आवाज ऐकलाय. आपोआप पडलं म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील. फोन आला तर बघू काय ते."

मग दोघं फोनची वाट बघत बसली. तसं कुणी बोललं नाही, पण प्रत्येक वेळी फोन वाजला की संपादक घसा खाकरत आणि धाकटीचा हात थबके. एकदा कुणी लग्नाच्या जाहिरातीचं विचारत होतं. एकदा कागद पुरवणारा व्यापारी होता. कंपनीकडून कुणी फोन केला नाही. हसऱ्या साहेबांनी नाही, कुणीच नाही. संध्याकाळ झाली, बाहेर दिवे लागले, आणि धाकटीला वाटू लागलं की बातमी खरंच जाणार. तिला आनंद झाला असंही नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसतेच आणि पाय जमिनीवर आपटतो, तसं काहीतरी वाटलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताई वर आली. तिने साडी बदलली होती, केस धुतले होते. संपादक उठून उभे राहिले, खुर्ची दिली आणि काहीतरी निमित्त काढून छपाईच्या खोलीत गेले.

"गेलं का छापायला?" ताईने विचारलं.

"अजून नाही. जाईल आता."

ताईने टेबलावरचा कागद आपल्याकडे फिरवला आणि मुलांचा निबंध तपासावा तसा वाचला. "छान लिहिलंयस," ती म्हणाली. "पण असं नको."

"दुपारी तूच म्हणालीस."

"दुपारी म्हणाले. मग मी शिक्षण खात्यात फोन केला. साहेब चांगले बोलले गं. त्यांनी फक्त नियम सांगितला. बाहेरच्या कारणाने इमारत पडली असं आलं तर चौकशी लागते. चौकशी लागली की अख्खी शाळा सील. किती दिवस, ते कुणालाच माहीत नाही. पलीकडच्या गावात सील लागलं, तिथली मुलं अजून गोदामात बसतायत. आणि इमारतीच्या दोषाने पडली असं असेल, तर दुरुस्तीचा अर्ज. कंपनी मदत द्यायला तयार असतेच."

"तुला कंपनीने सांगितलं का हे?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मी काय काल आले इथे?" ताई क्षणभर थांबली. "त्या हॉलमध्ये माझे दोन वर्ग बसतात. थंडी तोंडावर आलीय. कुठे बसवू मी त्यांना? तुझ्या बातमीवर?"

लहानपणी धाकटी गल्लीत मार खाऊन आली की ताई एकटी जाऊन चार मुलांशी भांडून येई. तीच ताई आता पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"मग काय लिहू?"

"पाणी मुरल्यामुळे, असं लिही," ताई म्हणाली. म्हणजे ते तिने वाटेतच ठरवलं होतं. "जुनी इमारत, छतात पाणी मुरलं, तुळई कुजली. पाण्यावर ढकललं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही."

"आणि मामा?"

"मामांचा सगळा खर्च कंपनी करतेय. मी बघून आले. शुद्धीवर आहेत."

धाकटीने कागद पुढ्यात ओढला. वाक्य बदलायला किती वेळ लागतो? 'खाणीतील सुरुंगाच्या जोरदार हादऱ्याने' खोडलं आणि वर 'पाणी मुरल्यामुळे' लिहिलं. बाकी वाक्याला धक्कासुद्धा लावावा लागला नाही. अंगाखाली दबून झोपलेला हात जसा उचलला तरी आपला वाटत नाही, तसा तिचा हात तिला वाटला. तिला वाटलं, थोड्या वेळाने मुंग्या येतील, मग दुखेल. पण मुंग्याही आल्या नाहीत.

संपादक परत आले. बदललेला कागद वाचून त्यांनी ताईकडे बघितलं, मग धाकटीकडे.

"मी छापणार होतो बरं का," ते म्हणाले.

"माहितीय," धाकटी म्हणाली.

"नाही, खरंच छापणार होतो." त्यांच्या आवाजातून ओझं उतरल्याचं लपत नव्हतं.

दोघी बहिणी बरोबरच घरी गेल्या. भावजींनी जेवण गरम करून ठेवलं होतं. ते म्हणाले, आज वजनकाट्यावरच्या खोलीची खिडकी चौकटीसकट खाली आली. कुणी काही बोललं नाही तेव्हा त्यांना वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी "काय?" असं विचारलं. "काही नाही," ताई म्हणाली. धाकटी जेवली, वर गेली, झोपली. झोप नेहमीसारखी लागली. याचंच तिला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं.

शाळा सोमवारी भरली. दोन वर्ग व्हरांड्यात बसले. कंपनीने ताडपत्र्या पाठवल्या, मग जाड पडदे पाठवले, मग शेगड्या. पाहणीसाठी खात्याची समिती आली. ढिगाऱ्याभोवती फिरली, चहा प्याली आणि ताईच्या खोलीत बसली. समितीच्या अध्यक्षांच्या हातात सभागृह पडल्याच्या बातमीचा पेपर होता. 'वृत्तपत्रातही हेच आलं आहे,' असं म्हणत त्यांनी तो इतरांना दाखवला. इथवर ठीक होतं. पण समितीतला एक अभियंता कामसू निघाला. त्याने विचारलं, पाणी मुरलं ते आलं कुठून? त्या भागात पाऊस तर कित्येक आठवडे नव्हता. मग त्याची नजर सभागृहाला लागून असलेल्या जिन्यावरच्या पाण्याच्या टाकीकडे गेली. टाकी भरायचं काम कुणाचं?

टाकी भरायचं काम शिपायाचं.

अहवालाचा सारांश छापण्यासाठी पेपरात आला तेव्हा तो धाकटीच्याच टेबलावर पडला. पाण्याची टाकी वेळोवेळी भरून वाहत राहिल्याने छतात पाणी मुरले; याबाबत संबंधित शिपायाचा हलगर्जीपणा दिसून येतो; त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली समितीच्या सह्या होत्या आणि शेवटी मुख्याध्यापिकेची. ताईची सही धाकटी कुठेही ओळखली असती.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा ताई भाजी चिरत होती.

"सही केलीस?"

"केली."

"टाकी वाहत होती?"

"नाही."

"मग?"

ताईने सुरी खाली ठेवली नाही. रागाने नाही, थकल्यासारखीही नाही, नुसतं सांगावं तशी म्हणाली, "तू लिहिलंस ना, पाणी मुरलं. आता मुरायला पाणी कुठूनतरी यायला हवं."

"तू सांगितलंस म्हणून लिहिलं."

"हो, मीच सांगितलं. मी त्यांना म्हणाले, कुणाचं नाव घालू नका. ते म्हणाले, जबाबदारी निश्चित करावी लागते, नाहीतर फाइल पुढे जात नाही. अडलीच असती फाइल." तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "मला वाटलं होतं, पाण्याला मालक नसतो."

भावजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण ते वळले आणि उजवा कान दोघींकडे करून पेपर वाचत बसले.

घंटीमामा तोवर घरी आले होते. धाकटी त्यांना भेटायला गेली. एका खोलीचं घर, खिडकीपाशी खाट, प्लास्टरमधला पाय उशीवर. मामींनी तिच्यासाठी स्टूल पुसून दिलं आणि चहा टाकला. मामांनी पायाबद्दल तक्रार केली नाही, नोकरीबद्दलही नाही. आधी शाळेत आता घंटा कोण देतं ते विचारलं. ताईच देते असं कळल्यावर, "मोठ्या बाईंचा हात जड आहे, घंटा लवकर झिजेल," असं म्हणाले आणि थोडं हसले. मग हसू विरलं.

"धाकट्या बाई, एक सांगू? मी टाकी कधी वाहू दिली नाही. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा नाही. पायाचं काय, पाय बरा होईल. पण माझी सून विचारते, बाबा, तुम्ही झोपला होता का? तेवढं लिहा तुम्ही. बाकी नोकरीबिकरीचं राहू द्या."

"लिहिते, मामा," धाकटी म्हणाली. हाच शब्द तिने ताईलाही दिला होता, हे तिच्या लक्षात आलं.

तिने खरंच लिहिलं. चार ओळी. शिपायाने आरोप नाकारला असल्याचं, टाकी वाहत नसल्याचं त्याचं म्हणणं असल्याचं. संपादकांनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"अगं, आपणच लिहिलं की पाणी मुरलं. आता आपणच म्हणायचं की पाणी नव्हतंच? मग लोक म्हणतील, यांच्याकडेच कुठेतरी पाणी मुरतंय."

स्वतःच्या कोटीवर ते हसले, आणि मग हसायला नको होतं असं त्यांना वाटलं असावं. "राहू दे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्या माणसाचं आपण दुसरं काहीतरी बघू."

धाकटी भांडली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. ती भांडली नाही. जागेवर आली आणि बाजारभाव लावले. कांदा चढला होता, बटाटा उतरला होता. त्यात तिने चूक केली नाही.

मग एक दिवस हसरे साहेब कचेरीत आले. शाळेच्या नव्या सभागृहाचं चित्र घेऊन आले होते: कंपनी स्वतः बांधून देणार, थंडी सरायच्या आत. ते सगळ्यांशी बोलले, संपादकांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. निघताना धाकटीच्या टेबलाशी थांबले, तेव्हा तिच्या तोंडून एकदम निघालं, "शाळेच्या शिपायाची नोकरी गेली."

"काय सांगता?" हसऱ्या साहेबांचा चेहरा उतरला. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर बरं झालं असतं. "स्ट्रेचर मी स्वतः धरलं होतं त्यांचं. मला कुणी बोललंच नाही. छे छे, हे बरोबर नाही."

आठवडा उलटायच्या आत मामांना कंपनीत नोकरी लागली. मुख्य फाटकावर, बसून करायचं काम. शाळेपेक्षा पगार बरा, गणवेश, थंडीत शेगडी, आणि सुनेच्या बाळंतपणाला कंपनीचा दवाखाना. मामी स्वतः चालत सांगायला आल्या. त्यांनी धाकटीचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्यामुळे झालं, धाकट्या बाई," त्या म्हणाल्या. खाली ताईने ऐकलं, आणि त्या रात्री धाकटीच्या ताटात तिने न विचारता जास्तीचं वाढलं. बऱ्याच दिवसांनी दोघी जेवताना बोलल्या, पाणीपट्टीबद्दल आणि भावजींच्या नव्या चष्म्याबद्दल. आता कुणाचं काही अडलं नव्हतं. शाळेला सभागृह मिळणार होतं, मामांना काम मिळालं होतं, पेपराला शेवटचं पान होतंच. तक्रार करायला कुणी उरलंच नव्हतं. धाकटीने मन चाचपून पाहिलं. दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या जागी जाते, पण भुलीचा अंमल असेपर्यंत तिथे काहीच लागत नाही, तसं झालं.

सभागृह खरोखर चांगलं झालं. उंच खिडक्या, ऊब धरणाऱ्या भिंती, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा आवाज. गाण्यासाठी नव्या शिक्षिकासुद्धा मिळाल्या. त्यांचा पगार आता कंपनी थेट द्यायची. उद्घाटनाला मुलं गायली तेव्हा पुढच्या रांगेतल्या आयांनी डोळे पुसले. व्यासपीठावर ताईने आभार मानले. लिहून आणलेलं तिने न बघताच म्हटलं, आणि कुठेही अडली नाही. धाकटीने बातमी केली. चांगली बातमी होती, मोठी लागली, फोटोसकट. जुन्या सभागृहाबद्दल एकच ओळ होती: ते पाणी मुरल्यामुळे पडलं होतं. ती ओळ तिने जुन्या अंकातून जशीच्या तशी उचलली.

पुढच्या वर्षी कंपनीला खाण वाढवायची परवानगी मिळाली. नवा खड्डा शाळेच्या बाजूला सरकणार होता. त्याची माहिती द्यायला कंपनीने पत्रकारांना बोलावलं. जिल्ह्याच्या पेपरातून एक नवी बातमीदार आली होती, नुकतीच कामाला लागलेली, सगळ्याकडे टकामका बघणारी. गावातली वाट माहीत नाही म्हणून ती धाकटीबरोबर निघाली.

फाटकावर घंटीमामा होते. गणवेश त्यांना सैल होत होता, पण इस्त्रीचा होता. त्यांनी धाकटीला ओळख दिली, दोघींचे पास नीट बघितले आणि डोक्यावर घालायच्या टोप्या आणायला आत गेले. जाताना डावा पाय ओढत होते. परत आल्यावर नव्या मुलीने सहज विचारलं, "काका, पायाला काय झालं? खाणीत लागलं का?"

"छे, खाणीत नाही," मामा म्हणाले. "मी आधी शाळेत होतो ना. तिथे टाकी वाहत राहायची. माझंच दुर्लक्ष. पाणी मुरलं आणि छत आलं खाली. नशीब, पोरं नव्हती."

"अरेरे," ती मुलगी म्हणाली.

धाकटी थांबली. तिला वाटलं, मामा आता आपल्याकडे बघतील; डोळ्याच्या कोपऱ्यातून का होईना, काहीतरी खूण करतील. तिने वाट पाहिली. ते टोपीचा पट्टा सैल करत होते.

"मामा," ती म्हणाली, "टाकी वाहत नव्हती."

मामांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत ना राग होता, ना टोमणा. हिशेबात चुकणाऱ्या पोराला समजवावं तसे ते म्हणाले, "वाहत होती की, धाकट्या बाई. तुम्हीच तर छापलं होतं."

नवी मुलगी एकदा मामांकडे, एकदा धाकटीकडे बघू लागली. धाकटीने तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं, शब्दही सगळे जागेवर होते. पण जीभ तोंडात नुसती पडून राहिली. मामांनी टोपी तिच्या हातात दिली. मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती, म्हणून त्यांनी आडवा दांडा वर केला.

"या," ते म्हणाले. "आत साहेब वाट बघतायत."

धाकटीने टोपी घातली. पट्टा हनुवटीखाली अडकवला आणि त्या मुलीलाही अडकवून दिला, कारण तिला ते जमत नव्हतं. मग दोघी आत गेल्या.